सावडीची पॅनेलं

"लावणी लाविते बाई, पान्यामंदी माझा पाय
संगं लावू गं सयांनो, एकलीचं काम न्हाय"

भरे गावच्या भातखाचरांतून हा आवाज यायचा. इंदूबाईचा. वाकलेल्या बायांच्या ओळीत ती सगळ्यांत पुढं, पाठीवर इरलं, हातात रोपांची मूठ, आणि मागून सगळ्यांचे गळे तिच्या ओवीचं शेपूट धरून चाललेले. बांधावर भाकरीची गठुडी राखत बसलेल्या धम्मदीपाला आईचं तोंड दिसायचं नाही. नुसता आवाज यायचा, पावसात भिजून जड झालेला. एखादी बाई मागं पडली की ओवी थांबायची. इंदूबाई म्हणायची, "येऊ द्या तिला. मग उचलू." आणि अख्खी ओळ चिखलात पाय रोवून उभी राहायची.

तो आवाज उराशी घेऊन धम्मदीपा मोठी झाली, तिनं डिप्लोमा केला, आणि पिरंगुटच्या एका कारखान्यात वायरिंग विभागाची प्रमुख झाली. कारखाना कंट्रोल पॅनेलं बनवायचा. पंपांसाठी, लिफ्टसाठी लोखंडी पेट्या, आणि त्यांच्या पोटात रंगीत वायरींचं रान. बेंचावर बसून एकेक वायर सोलायची, टोकाला तांब्याचा लग दाबायचा, नंबराचा मणी चढवायचा, आणि पोरीची वेणी घालावी तशा वायरी बांधत न्यायच्या. कुठली ऑर्डर कुणी करायची, कुणाला कुणाशेजारी बसवायचं, कुठं घाई आणि कुठं सबुरी, हे सगळं धम्मदीपा ठरवायची. आई ओळ सांभाळायची, तशी ती बेंच सांभाळायची. निदान तिला तसं वाटायचं.

विभागात एक रीत होती, तिच्याही आधीची. आषाढात लावणी लागली की शेतवाली माणसं खाडे करायची. त्यांच्या बेंचावरची पॅनेलं मागं राहिलेली माणसं पुरी करायची, आणि टॅबलेटवर नोंद मात्र गेलेल्याच्या नावानं व्हायची. त्याचं काम कमी दिसू नये, त्याला साहेबांची बोलणी बसू नयेत म्हणून. गावात आज तुझ्या खाचरात मी, उद्या माझ्या खाचरात तू, असं चालतं त्याला सावड म्हणतात. इथंही सावडच म्हणत. धम्मदीपाला हे ठाऊक होतं. ती तिकडं बघायची नाही, आणि न बघण्याचा तिला थोडा अभिमानच होता.

मग तायडी आली.

तिचं कागदावरचं नाव इंग्रजी होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नियोजन प्रणाली, असं काहीतरी साहेबांनी सांगितलं होतं. पण रोज सकाळी ती टॅबलेटमधून गोड आवाजात बोलायची, "सुप्रभात, रजनी. आज तुमच्यासाठी नवीन काम आहे." बेंचावरच्या रजनीनंच तिचं बारसं केलं. "माझ्या नणंदंपेक्षा बरी हाय," ती म्हणाली, "कामं सांगती पन तोंड वाकडं करत न्हाई."

तायडी कामं वाटू लागली. उशीर कुठं होणार ते उशीर व्हायच्या आधी सांगू लागली. धम्मदीपाच्या वतीनं शाबासकीचे निरोपही तीच लिहायची. धम्मदीपानं जन्मात कुणाला 'आपल्या बहुमोल योगदानाबद्दल मनःपूर्वक आभार' असं म्हटलं नव्हतं. विभागातला वाल्मीक तो निरोप मोबाइलवर वाचून दाखवत तिच्याकडं आला. "मॅडम, तब्येत बरी हाय न्हवं तुमची?"

धम्मदीपा हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, की सकाळी कुणाला कुठं बसवायचं हे तिनं कित्येक दिवसांत ठरवलेलंच नाही. तिच्यापुढं सगळं शिजून येत होतं. तिनं फक्त 'मंजूर' म्हणायचं.

श्रावणात लावणी आटपली आणि तायडीनं सगळ्यांच्या कामाचा अहवाल काढला. मागच्या वर्षांच्या साऱ्या नोंदी चाळून काढलेला, आणि खाली नाव धम्मदीपाचं. वाल्मीक, विभागात सर्वोत्तम, गटप्रमुखपदासाठी शिफारस. सारजाबाई, सातत्यानं सर्वांत कमी, कराराचं नूतनीकरण करू नये. सारजाबाईला पाठवायचा निरोपसुद्धा लिहून तयार होता. त्याचं शेवटचं वाक्य होतं, 'आपल्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.'

त्याच्याखाली हिरवं बटण.

धम्मदीपा खुर्चीतून उठली. राग आला तो नांगराच्या फाळासारखा, खालची माती वर करत आला.

सारजाबाई भऱ्याचीच, बौद्धवस्तीत धम्मदीपाच्या माहेराला लागून तिचं घर. नवरा गेलेला, मुलगा दुसऱ्याच्या टेम्पोवर. कारखान्यात ती दरवर्षीच्या करारावर. तिला जमीन नव्हती, म्हणून लावणीचा खाडाही नव्हता. दर पावसाळ्यात विभाग अर्धा रिकामा व्हायचा आणि ही बाई या बेंचावरून त्या बेंचावर फिरत राहायची. वाल्मीकची पॅनेलं, रजनीची पॅनेलं. घाईच्या ऑर्डरी त्यांच्या, म्हणून त्या आधी. तिची स्वतःची मागं पडत. संध्याकाळी ती प्रत्येक पॅनेल पुरं झाल्याची नोंद करायची, दुसऱ्याच्या नावानं. कुणी काही म्हटलं तर एकच बोलायची, "असू दे."

वाल्मीक विभागात सर्वोत्तम होता, कारण त्याच्या नावात सारजाबाईचे हात होते.

कारखान्याचे प्रमुख स्वानंद पुण्याकडच्या सूसहून गाडीनं यायचे आणि रस्त्यातल्या गर्दीनं आंबून पोचायचे. धम्मदीपा आत गेली तेव्हा ते अजून तोंडावरचा घाम पुसत होते.

"सर, हे मी मंजूर करणार नाही."

"बसा ना. कोणतं?"

"सारजाबाईंचं."

"हं. वाईट मलाही वाटतं हो. पण असं बघा, यात तुमचा-माझा काही दोष नाही. हे आपण ठरवलेलंच नाही."

"मग कुणी ठरवलं?"

"डेटानं."

"तो कुठं बसतो, सर? मी त्याच्याशी जाऊन बोलते."

स्वानंद हसले. "तुम्ही चिडलाय."

"चिडलेय. बाईला कामावरून काढायचं आणि काढणारं कुणीच नाही? तुम्ही नाही, मी नाही. आधीचे साहेब शिव्या देऊन काढायचे. पण शिवी देणारं तोंड तरी समोर असायचं."

"अहो, उलट हेच बरं नाही का?" स्वानंद पुढं झुकले. ते वाईट माणूस नव्हते, आणि हे ते मनापासून बोलत होते. "त्या साहेबांच्या काळात ओळखी चालायच्या, मर्जी चालायची, जातपात चालायची. तुम्हाला मी हे सांगायला नको. या प्रणालीला कुणाचं आडनाव कळत नाही. ही फक्त काम बघते."

धम्मदीपाचा राग आणखी चढला.

"आकडे चुकीचे आहेत," ती म्हणाली.

"कसे? एवढंच सांगा. मी आत्ता थांबवतो."

तेच तर सांगता येत नव्हतं. दुसऱ्याच्या नावानं नोंद म्हणजे खोटी नोंद, आणि खोट्या नोंदीला कारखान्यात एकच शिक्षा, घरचा रस्ता. वाल्मीक जाईल. रजनी जाईल, आणि रजनीच्या घरची चूल तिच्या एकटीच्या पगारावर. ती स्वतः जाईल.

"गुरुवारी सगळ्यांना बोलावू," स्वानंद म्हणाले. "समोरासमोर बोलू, मनात काही राहायला नको. सारजाबाईंनाही आणा."

दुपारी गेटबाहेरच्या टपरीवर वाल्मीक आणि रजनी चहा पीत बसले होते. वाल्मीकच्या घरानं रस्त्याकडेची जमीन विकून खोल्या बांधल्या होत्या, भाडेकरू ठेवले होते. आतली खाचरं मात्र राखलेली. माणूस हसरा, बोलका, कुणाच्याही मयतीला पहिला हजर.

"गटप्रमुख झालात म्हणे," धम्मदीपा म्हणाली.

"तायडीची किरपा. मी काय तिला नवस बोललो न्हवतो."

"त्यातली तुमची किती, वाल्मीकभाऊ?"

वाल्मीकनं चहावर फुंकर घातली. "च्या घ्या, मॅडम. आलं टाकलंय."

"सारजामावशींचा करार जातोय."

"ऐकलं. वंगाळ झालं." तो खरंच हळहळला. "पन आता तोंड उघडायचं म्हनलं तर कुनाकुनाचं जाईल ते बघा. हिचं जाईल. तुमचंबी जाईल. आन् सारजाबाय काय बोलली का? तिची तक्रार न्हाई आन् तुमचीच हाय. लई गुनाची बाई. आमच्या घरची पहिल्यापास्नं. तिची सासू आमच्याच खाचरात असायची लावणीला."

हे तो मायेनं बोलला. ती माया ऐकून धम्मदीपानं चहाचा कप न पिताच बाकावर ठेवला.

"मी बोलले असते वो, मॅडम," रजनी म्हणाली. आणि टपरीवाल्याला पैसे द्यायला उठली.

संध्याकाळी धम्मदीपा स्कूटरनं भऱ्याला गेली. सारजाबाई उंबऱ्यात बसून कुर्डूची भाजी निवडत होती.

"जय भीम, मावशी."

"जय भीम. ये. पाय पूस, आतमदी लई चिखल झालाय."

धम्मदीपानं सगळं सांगितलं. अहवाल, शिफारस, हिरवं बटण, शुभेच्छा. सारजाबाईची बोटं चालत राहिली. पान इकडं, देठ तिकडं. आज ती 'असू दे'सुद्धा म्हणाली नाही.

"काहीतरी बोला ना, मावशी. राग येत नाही तुम्हाला?"

"तुला आलाय तेवढा बास हाय की."

"माझं डोकं फिरलंय. आयुष्यभर हात झिजवलेल्या बाईला एक डबडं सांगणार, तू कमी पडतीस? आणि आम्ही माना डोलावणार? त्या मशीनला काय कळतं? आकडे कळतात. माणूस कळत नाही तिला. सावड कळत नाही."

त्या शब्दावर सारजाबाईची बोटं थांबली. तिनं एक किडकं पान उचललं, उजेडात धरून बघितलं, दूर फेकलं.

"गुरवारी कुटं यायचं म्हनलीस?"

"वरच्या मजल्यावर. साहेबांच्या खोलीत."

"खुर्ची हाय का तितं, का हुभंच ऱ्हायचं?"

"आहे खुर्ची."

"मग येते."

गुरुवारी पाऊस उघडला होता. सारजाबाई इस्तरीचं लुगडं नेसून आली आणि दाखवलेल्या खुर्चीत बसली. वाल्मीक आणि रजनी तिच्या समोर. भिंतीवरच्या पडद्यावर नावांपुढं रंगीत पट्ट्या होत्या. वाल्मीकची लांब, हिरवी. सारजाबाईची तांबडी, बोटाच्या पेराएवढी.

"तर," स्वानंद म्हणाले, "मोकळेपणानं बोला."

धम्मदीपा उभी राहिली. रात्रभर तिनं शब्द जुळवले होते, ते सगळे पळाले. उरलं ते उघडं-वाघडं.

"त्या पट्ट्या खोट्या आहेत. लावणीच्या दिवसांत लोक रजेवर जातात, त्यांची पॅनेलं सारजाबाई करतात आणि नोंद त्यांच्या नावानं होते. वर्षानुवर्षं. मला माहीत होतं. काढायचं तर मला काढा. पण ज्या बाईनं सगळ्यांचं केलं तिला कमी काम केलं म्हणून काढायचं, आणि काढलं कुणी म्हणून विचारलं तर भिंतीकडं बोट दाखवायचं, हे मी होऊ देणार नाही. हे नेतृत्व नाही, सर. हे लपणं आहे."

रजनीनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. स्वानंदांचा चेहरा हळूहळू कठीण होत गेला. "म्हणजे खोट्या नोंदी," ते म्हणाले. "संपूर्ण विभागात."

"खोट्या कशा, सर?" वाल्मीक घाईनं बोलला. भीतीनं त्याला वाचा फुटली होती, आणि वाचा त्याच्याकडं मुळातच गोड. "ती सावड हाय. आमच्या मुळशीची जुनी रीत. भाताची लावणी कुनाला एकट्यानं झेपत न्हाई, सर. पानी थांबत न्हाई, रोप थांबत न्हाई. मग अख्खा गाव एकाच्या खाचरात उतरतो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. कोनी किती लावलं ते कुनी मोजत न्हाई. तसंच हितं. आमी एका घरावानी ऱ्हातो. हे तुमच्या मशीनला कसं कळायचं?"

स्वानंदांनी पेन खाली ठेवलं. कपाळावरची आठी उलगडत गेली.

"सुंदर आहे हे," ते म्हणाले. "खरंच सुंदर आहे. आम्ही लाखो रुपये देऊन टीम बांधायची शिबिरं घेतो, आणि इथं ते आपोआप चाललंय." त्यांनी धम्मदीपाकडं पाहिलं. "तुमचं बरोबर होतं. हे मशीनला कळणारच नाही. मी वर बोलतो. या नोंदी शिस्तभंगात धरायच्या नाहीत, ही आपली संस्कृती आहे. आणि सारजाबाईंना आणखी एक वर्ष. माणुसकीच्या दृष्टीनं, विशेष बाब म्हणून."

"आणि वाल्मीक?" धम्मदीपानं विचारलं.

"त्यांची शिफारस राहू द्या. इतकं छान बोलणारा माणूस गटप्रमुख व्हायलाच हवा."

रजनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वाल्मीकनं सुस्कारा सोडला आणि हसत टेबलावर थाप मारली. "सारजाबाय, आता पेढं तुमच्याकडनं." धम्मदीपा खुर्चीत बसली. इतक्या दिवसांचा राग अंगातून निघून गेला. जिंकलो, असं तिच्या मनात आलं. मशीन हरलं, माणसं जिंकली. मग सगळ्यांबरोबर तिनंही सारजाबाईकडं पाहिलं. आता ती 'असू दे' म्हणेल आणि सगळे चहाला उठतील.

सारजाबाईनं दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले होते.

"सावड म्हनू नगा त्याला," ती म्हणाली.

"काय म्हनलात?" वाल्मीकनं विचारलं.

"सावडीत मानूस परत येतंय. मी तुझ्या बेंचावर बसले, वाल्मीक. माझ्या बेंचावर कोन बसलं?"

आजवर ती त्याला वाल्मीकदादा म्हणत आली होती. तिच्या मुलाच्या वयाचा असूनही.

"आवो, तुमाला खाडाच नसायचा की," तो चाचरला. "तुमाला लावणी न्हाई, काय न्हाई..."

"न्हाई. खाचर न्हाई तर लावणी कशाची. पन माझी सून बाळंतपनात अडली, तवा पडला व्हता मला खाडा. परत आले तर माझी पॅनेलं जशीच्या तशी, वर धूळ. तवा कुनाला सावड आठवली न्हाई. रजने, तुलाबी न्हाई."

रजनीनं मान वर केली नाही.

"माझ्या सासूला तुझ्या घरचे हेच म्हनायचे, आमच्या घरचीच हाय. घरची म्हनलं की मजुरी द्याया लागत न्हाई. ती मरस्तोवर घरचीच व्हती. मीबी हितं तशीच घरची."

"मावशी," धम्मदीपा हलक्या आवाजात म्हणाली, "मला एकदा तरी सांगायचं होतंत."

"तुला काय सांगू, दीपा? तुझ्या डोळ्यांम्होरंच चाललं व्हतं. तू बघत न्हवतीस. आन् परवा त्या तायडीला शिव्या देत माझ्या दारात आलीस. तिनं काय केलं? तुमी जे लिवलं ते तिनं वाचलं. तिनं रोज सकाळी मला नावानं हाक तरी मारली. मी तिचा राग का करू? माझा राग हाय तो तुमच्यावर हाय. समद्यांवर. ह्या वाल्मीकवर हाय, हिच्यावर हाय, तुझ्यावर हाय. लई वर्सांचा हाय."

स्वानंदांनी घसा खाकरला. "हे बघा, मावशी, आपण तुम्हाला ठेवतोच आहोत. विशेष बाब म्हणून..."

"इशेष काय नगं मला." सारजाबाईचा आवाज चढला नाही. तो फक्त आता थांबत नव्हता. "मी गप ऱ्हायले, कारन मला वाटायचं कुनीतरी आपल्या तोंडानं म्हनंल, ही पॅनेलं सारजाबाईनं केली. आज म्हनंल, उद्या म्हनंल. दीपानं साहेबास्नी सांगितलं, पन ज्यांची केली त्यांतलं आताबी न्हाई म्हनलं कुनी. माझी दया आली तुमाला, पन माझं काम माझ्या नावावर लिवा असं एकाच्याबी तोंडातनं निघालं न्हाई. म्हनून मीच सांगते. त्या हिरव्या पट्टीत लई पॅनेलं माझी हायेत. कोनची ते वाल्मीकला ठावं हाय, रजनीला ठावं हाय. ती हितं, माझ्यासमोर, माझ्या नावावर चढवा. आन् मग त्या तायडीला परत इचारा, कोन ऱ्हातंय आन् कोन जातंय."